भात शिजेपर्यंत

आमच्या पोशेऱ्याच्या घरापासून समुद्र किती लांब आहे हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही, पण आमच्या घरात समुद्र किती होता ते सांगता येईल. परसातला काकडीचा वेल जुन्या जाळ्याच्या तुकड्यावर चढलेला असे. कोंबड्या झाकायच्या त्या जाळ्याखालीच. पाण्याचा निळा ड्रम बंदरावरून आलेला, गुरांची दावी बंदरावरून आलेली, आणि चुलीच्या वर आढ्याला टांगलेल्या पिशवीत सुकट, जिच्याखाली आमची मांजर वर्षभर वर बघत बसलेली. सकाळी आये नागलीची भाकर थापायची तो थप थप आवाज, निखाऱ्यावर टाकलेल्या सुकटीचा वास, आणि बा गुरं सोडताना घालायचा त्या शिव्या, हे तिन्ही एकदमच यायचं. कारवीच्या कुडाच्या त्या घरात समुद्र पाहिलेलं माणूस मात्र एकही नव्हतं. बाचा जन्म गुरांमागे गेला, आणि आये खोडाळ्याच्या बाजाराला जग संपतं असंच समजून होती. हे सगळं सामान यायचं ते पाड्यातल्या खलाश्यांकडून.

पाऊस ओसरला की पाड्यातली निम्मी पुरुषमाणसं मासेमारीच्या बोटींवर जायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी काळी ठिक्कर होऊन परत यायची. डोंगरातली माणसं बोटीवर काय करतात, असं शहरातले लोक मला अजून विचारतात. जे डोंगरात करतात तेच करतात, ओढतात, उचलतात आणि फार बोलत नाहीत. पण ती एकेकटी जात नसत, मेळातून जात. मेळ म्हणजे खलाश्यांनी खलाश्यांसाठी बांधलेली संघटना. तिला पाटी नव्हती की शिक्का नव्हता, पण बंदरावर तिचा शब्द चाले. मेळानं नाव दिल्याशिवाय आमच्याकडचा माणूस बोटीवर चढत नसे. एका बोटीवर आमच्यातला एकटा माणूस कधी जात नसे. आणि ज्या मालकानं आजारी खलाशाला बंदरावर टाकून दिलं, त्याला पुढच्या हंगामात आमच्या डोंगरातलं कुत्रंसुद्धा मिळत नसे. मेळाचा म्होरक्या जान्याबाबा. तीस वर्षं समुद्रावर काढलेला, त्यातली निम्मी तांडेल म्हणून, म्हणजे बोटीचा कप्तान म्हणून. उजव्या हाताची दोन बोटं दोरानं नेली होती. तो बोलायला लागला की ती नसलेली बोटंच आपल्याकडे रोखली आहेत असं वाटायचं.

मी पाड्यातला पहिला बारावी पास. सगळे मला मास्तर म्हणत, आणि मीही ते खरं धरून चालत होतो. मेळाच्या वहीत नावं लिहायचं काम माझ्याकडे होतं. समुद्र पाहिला नव्हता, पण त्या बंदराचा माझ्याइतका जाणकार पंचक्रोशीत दुसरा नव्हता. खलाशी सांगायचे तेवढं मी ऐकायचो आणि त्यांनी सोडलेल्या जागा मनानं भरायचो. माझ्या बंदरात बोटी इतक्या खेटून उभ्या असत की माणूस पायाला पाणी न लावता या टोकाहून त्या टोकाला जाई. बर्फाच्या कारखान्यातून पांढरे ढग निघत आणि भर उन्हाळ्यात गल्ल्या गारठत. मेळाची दगडी कचेरी होती, तिच्या गच्चीवर घंटा होती, आणि जान्याबाबानं ती वाजवली की हजार बोटी जागच्या जागी थांबत. वहीच्या मागच्या पानावर मी त्या शहराचा नकाशा काढला होता, त्यात एक दीपस्तंभ आणि दोन थिएटरं होती. पुढे बऱ्याच वर्षांनी मी ते बंदर पाहिलं. मेळाची कचेरी म्हणजे डिझेलच्या टाकीमागे उलटा घातलेला माशांचा क्रेट होता, आणि त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. मी नकाशा घडी करून खिशात ठेवला. थिएटरांची चौकशी केली नाही.

माझ्या शहराचा सगळ्यांत मोठा भक्त म्हणजे माझे दाजी, किसन. माझी थोरली बहीण पारू, आमची बाय, दोन घरं पलीकडे दिलेली. दाजी अंगानं रेड्यासारखे, स्वभावानं वासरासारखे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "मास्तर, ती घंटा सांग." मी घंटा सांगायचो. दर वेळी ती थोडी मोठी व्हायची. दाजींना खलाशी व्हायचं होतं, पण त्यांना पाणी धार्जिणं नव्हतं. मेळाच्या परीक्षेत ते दोन वर्षं लागोपाठ बुडाले होते, आणि पाड्यात त्यांना धोंडा म्हणत. तोंडावर म्हणत, प्रेमानं म्हणत, म्हणून जास्त लागायचं.

ही परीक्षा सांगायला हवी, कारण माझा सगळा उद्योग तिथलाच. दाभोशाच्या बाजूला नदी जिथे जरा दम खाते तिथे एक डोह आहे. पाऊस सुस्तावला की मेळ तिथे जमायचा. काठावर तीन दगड मांडून चूल पेटवायची, नदीचं गार पाणी भरून मोठा टोप चढवायचा, त्यात तांदूळ टाकायचे, आणि त्याच क्षणी नव्या माणसांनी डोहात उतरायचं. भात शिजेपर्यंत तळाला पाय नाही, काठाला हात नाही. मग जान्याबाबा टोपातलं एक शीत उरलेल्या बोटांत दाबून बघायचा आणि मान हलवायचा. कधीकाळी एक बोट बुडाली होती, तेव्हा दुसरी बोट येईपर्यंत दोघंजण तेवढा वेळ पाण्यावर राहिले आणि वाचले, म्हणून हा हिशेब. पाण्याशी भांडायचं नाही, पाणी नेईल तिकडे जायचं, ही मेळाची शिकवण. पास झालेल्यांनी तो भात एकाच टोपातून खायचा. आणि ज्याच्याबरोबर तो भात खाल्ला, त्याला पाण्यात सोडायचं नाही. हा मेळाचा कायदा. वहीत तो कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून कोणी मोडत नसे.

चुलीवर कोण बसायचं? तर ज्याला पोहता येत नाही, आणि जो बोटीवर जाणार नाही, असा विश्वासाचा माणूस. म्हणजे मी. पहिल्या वर्षी जान्याबाबा म्हणाला होता, "मास्तर, तू चुलीवर बस. तुला डोहात टाकला तर आमचा निम्मा दिवस तुला शोधण्यात जाल." सगळे हसले, मीही हसलो, आणि चूल मला कायमची चिकटली.

दाजींच्या तिसऱ्या खेपेला, परीक्षेच्या आदल्या दिवशी, ते आमच्या परसात आले. कोंबड्यांवरचं जाळं उगाच नीट करत राहिले.

"मास्तर, अर्धा भात शिजंतवर मी राहतो पाण्यावर," ते म्हणाले. "नदीत जाऊन बघितला. अर्ध्याच्या पुढं पाय जड होतात."

"मग अर्धाच पास करू तुम्हाला," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "चूल तुझी हाय. जरा लवकर शिजव ना."

मी हो म्हणालो. दया आली म्हणून म्हणालो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की युक्ती मला लगेच सुचली होती, आणि सुचलेली युक्ती वाया घालवणं माझ्यानं कधी झालं नाही.

डोहावर पोचल्यावर आधी सगळ्यांना चहा करायचा रिवाज होता. मी चहाचं पाणी दुप्पट ठेवलं, खाली घरून आणलेली सुकी ऐनाची लाकडं सारली, आणि सवयीनं पाण्यात गवती चहाची मूठभर पात टाकली. पाणी खळखळलं. भुकटी टाकण्याआधी, सगळे कपडे काढण्यात आणि एकमेकांच्या ढेऱ्यांवर बोलण्यात गुंग असताना, मी अर्धं पाणी भाताच्या टोपात ओतलं, पात गाळून बाहेर काढली आणि वर झाकण ठेवलं. इतकं सफाईनं केलं की स्वतःवरच खूश झालो. चहा झाला, टोप चढला, तांदूळ पडले, आठ डोकी डोहात उतरली.

दाजींचं डोकं सगळ्यांत काठाजवळ होतं. बाकीचे आभाळाकडे बघत तरंगत होते, दाजी टोपाच्या झाकणाकडे. झाकण थरथरायला लागलं तेव्हा त्यांची हनुवटी पाण्याखाली गेली होती. मग नाक. दोनदा डोकं दिसेनासं झालं आणि दोनदा वर आलं. शेजारी सोमा होता, खोडाळ्याचा, पाण्यात जन्मल्यासारखा पोहणारा. तो ओरडून म्हणाला, "धोंडा तरंगतोय रे, कलियुग आला." मी चुलीत फुंकर घालत राहिलो. जान्याबाबानं शीत दाबलं. टोपाकडे बघितलं, मग लाकडांकडे.

"आज भात लवकर झाला."

"लाकूड सुकं होतं, बाबा."

भात सगळ्यांनी खाल्ला. जो तो म्हणाला, आज भाताला वास फार चांगला आहे. गवती चहाचा वास होता तो. मी भुकटी टाळली, पात गाळली, पण वास गाळायला विसरलो होतो. जान्याबाबा कितीतरी वेळ एकच घास चावत बसला. मग मला म्हणाला, "लिही. किसन नि सोमा, एका बोटीवर." मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी विशेष वळणदार आलं आहे. वही अजून माझ्याकडे आहे.

निघण्याच्या सकाळी बायनं मला चुलीपाशी बोलावलं. तिला पाचवा महिना होता. दाजींसाठी बांधायच्या भाकरी फडक्यात घालत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "खरा सांग. यांना तरंगता येतो?"

"मेळानं पास केलंय ना," मी म्हणालो.

"मेळाला नाय इचारला मी. तुला इचारला."

"येतं," मी म्हणालो. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, त्यातल्या बऱ्याच याहून लांबलचक आणि रंगीत होत्या. पण तेवढ्या एका शब्दाइतकी जड थाप दुसरी झाली नाही.

दोन महिने काही झालं नाही. दाजींचा आठवड्यातून एकदा फोन यायचा. आमच्याकडे तेव्हा रेंज एकाच जागी मिळायची, पाड्याच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीपाशी एक सपाट खडक होता, तिथे. जान्याबाबाचा बटणांचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिथल्या फांदीला टांगलेला असायचा आणि तोच सगळ्या पाड्याचा फोन. दाजी ओरडून विचारायचे, "मास्तर, ती घंटा कठं हाय? मना नाय दिसली." मी सांगायचो की ती फक्त सणाला वाजते.

मग एक सकाळ. नागली कापायला आलेली, आम्ही खळं सारवत होतो, आणि वरून कोणीतरी हाक मारली की बंदरावरून गोविंदाचा फोन आहे. गोविंदा म्हणजे मेळाचा बंदरावरचा माणूस. आम्ही पोचलो तेव्हा जान्याबाबा खडकावर बसला होता, फोन मांडीवर, स्पीकर लावलेला. बाय माझ्या मागून चढत आली, कमरेवर हात धरून.

पहाटे बोट उलटली होती. डोलीची जाळी बघून, म्हणजे समुद्रात नांगर टाकून रोवलेली ती मोठाली जाळी बघून, बोट परत वळली आणि वाऱ्यात सापडली. पाच माणसं. तिघं उलट्या बोटीला धरून ओहोटीबरोबर लांब दक्षिणेला वाहत गेली, ती सापडली. दोघं पहिल्या झटक्यातच, जाळीजवळच, बाहेर फेकले गेले होते. किसन आणि सोमा.

"बोटी किती हायेत शोधायला?" जान्याबाबानं विचारलं.

"चार. बाकी लांब गेल्यात. कठं धाडू बाबा? समद्या दर्यात चार बोटी काय करतील?"

जान्याबाबानं डोळे मिटले. मला वाटतं तो तिथे बसल्या बसल्या ते पाणी बघत होता. "दोघं तरंगणारे हायेत," तो म्हणाला. "मी सोता पारखल्यात. पाण्याशी भांडायचे नाय ते, ओहोटीबरोबर गेले असतील. बोट गेली त्याच्याबी खाली, दक्षिणेला. चारी बोटी तिकडं घाल."

"घालतो," गोविंदा म्हणाला.

आता हे लिहिताना मला तो क्षण फार लांबलचक आठवतो, पण तो तेवढाच होता, एका माणसानं फोन ठेवायला घ्यावा इतका. करवंदीच्या जाळीत एक पाखरू खुडबुड करत होतं. मी गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. दाजी सापडले नसते तर दर्यानं नेले असंच म्हटलं असतं सगळ्यांनी, आणि मी पहिला रडलो असतो. हा विचार माझ्या मनात आला. पूर्ण आला, अगदी रडण्यासकट.

"बाबा, ठेवू नको," मी म्हणालो. घाबरलो की माझी शाळेतली मराठी गळून पडते. "किसनदाजीला तरंगता नाय येत."

"भात शिजंतवर होता तो पाण्यात."

"पाणी गरम होता, बाबा. चहाचा. मीच वतला."

फोनमधून बंदराचा आवाज येत होता, इंजिनांचा, माणसांच्या हाकांचा. माझं हजार बोटींचं शहर पहिल्यांदाच मला ऐकू येत होतं, आणि त्यात चारच बोटी होत्या. जान्याबाबानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन तोंडाजवळ नेला.

"गोविंदा, ऐक. बोटी फिरव. किसनाला तरंगता येत नाय. ज्याला येत नाय तो पाण्याबरोबर जात नाय, हाताला लागल ते धरतो. ते जाळीपाशी पडलेत ना? जाळीला ड्रम बांधलेले असतात. ते ड्रम बघ. एकेक बघ."

"नि सोमा?"

"सोमानं त्याच्यासंगं भात खाल्लाय," जान्याबाबा म्हणाला. "किसन जथं, सोमा तथं."

गोविंदानं वायरलेसवर बोटींना ओरडून सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं, मग फोन कट झाला. बॅटरीचा एकच दांडा उरला होता, म्हणून कोणी परत लावला नाही. आम्ही खडकाभोवती बसून राहिलो. आये वर आली, बा गुरं तशीच सोडून आला, पाडा गोळा झाला. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं. केव्हातरी बाय उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी गाल थोडा पुढे केला होता, खरं सांगतो.

"मी तुला इचारला होता ना," ती म्हणाली. तेवढंच. आणि परत जाऊन बसली.

गुरं परतायच्या वेळेला फोन वाजला. जान्याबाबानं बटण दाबलं तर पलीकडून कोणीतरी खोकत होतं.

"बाबा, सोमा बोलतोय." आवाज मिठानं सोललेला. "आमी हाव. दोघंबी. किसन ड्रमला असा चिकटलाय, बायकोला कधी चिकटला नसंल. बोटीवर घेतलाय तरी सोडत नाय. ड्रमासकट आणलाय."

बाय तेव्हा रडली. सोमाला पहाटेच किनाऱ्याचे दिवे दिसले होते, पोहत गेला असता तर सकाळी बंदरावर चहा पीत बसला असता. गेला नाही. एका हातानं ड्रम आणि एका हातानं दाजींची मानगूट धरून राहिला. गवती चहाच्या का होईना, पण त्या भाताला तो जागला.

उन्हाळ्यात माणसं परतली तेव्हा खोडाळ्याला मेळ बसला. जान्याबाबा उभा राहिला. "भाताचा वास मनाबी आला होता," तो म्हणाला. "किसनाच्या तोंडाकडं बघितला नि गप बसलो. ती माझी चूक. यंदापासून म्होरक्या सोमा." कोणीतरी नको म्हणत होतं, त्याला त्यानं नसलेल्या बोटांनी गप्प केलं. मग मी. माझी शिक्षा सोमानं सांगितली, ती म्होरक्या म्हणून त्याची पहिलीच आज्ञा. या वर्षी परीक्षेला मास्तर डोहात उतरेल. भात शिजेपर्यंत.

मला शिकवलंही सोमानंच. तोंडानं शिव्या देत आणि हातानं पाठीखाली आधार देत, पावसाचं पाणी चढायच्या आधी पंधरा दिवस. त्या सबंध वर्षात बाय माझ्याशी कामापुरतं बोलली. तिच्या घरी जेवायला बसलो तर सगळ्यांना भात वाढायची आणि माझ्या ताटात भाकर ठेवायची. कधी चुकली नाही. दाजींनी एकदा गुपचूप आपल्यातला भात माझ्या ताटात सरकवला, तो तिनं परत त्यांच्या ताटात सरकवला.

परीक्षेच्या दिवशी डोहावर गेलो तर चुलीपाशी बाय बसली होती. कडेवर पोरगी, पुढ्यात टोप. त्या चुलीवर तोवर कधी बाई बसली नव्हती. जान्याबाबानं सुचवलं, सोमानं मानलं, आणि चुलीवर विश्वासाचंच माणूस हवं या नियमाला ते धरूनच होतं. चहा झाला नाही. पोरीला दाजींकडे देऊन तिनं स्वतः नदीचं गार पाणी भरलं, सगळ्यांना दाखवलं, तांदूळ टाकले, आणि माझ्याकडे हनुवटी उडवली.

पाणी कानात शिरलं की माणसांचे आवाज लांब जातात. मी आभाळाकडे बघायचं ठरवलं होतं. थोड्याच वेळात मीही दाजींसारखा झाकणाकडेच बघायला लागलो. ते हलत नव्हतं. माझे पाय जड झाले, मग कंबर. नाकात पाणी गेलं, डोळ्यांपुढे हिरवं झालं, वर आलो, पुन्हा गेलो. वर आलो तेव्हा झाकण थरथरत होतं, आणि बाय चुलीतलं एक लाकूड हळूच मागे ओढत होती. शांतपणे, कोणाची घाई नसल्यासारखी. जान्याबाबानं ते बघितलं आणि नदीकडे तोंड फिरवलं. मी पाण्याशी भांडणं सोडून दिलं. दुसरं काही उरलंच नव्हतं.

शेवटी भात शिजला, आणि कोणीतरी माझ्या काखेत हात घालून मला काठावर ओढलं. मी खडकावर पालथा पडून पाणी ओकलो. डोकं वर केलं तर समोर पळसाचं पान, त्यावर वाफाळता भात, आणि पलीकडे बाय उकिडवी बसलेली.

"खा," ती म्हणाली. "गवती चहा नाय टाकला हां यंदा."